जोटाची तयारी : माइक मुलांच्या हाती देण्याआधी

जांबोरी ऑन द एअर, म्हणजे जगभरच्या स्काऊटांचा रेडिओवरून भरणारा मेळावा, आपल्या सगळ्यांच्या तोंडातला जोटा, दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी येतो. तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, तरी बहुतेक पथकांना जाग येते ती आदल्या आठवड्यात, आणि तयारी सुरू होते ती अँटेनापासून. तार किती लांब, खांब कोण आणणार, रेडिओ कोणाचा. हे सगळं लागतंच, पण हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारी माणसं, ते निभावून नेतात; त्यांना त्याची हौसच असते. राहून जातात ती मुलं. ऐन वेळी पलीकडून कोणी तरी "तुझं नाव काय, तुला कॅम्प आवडतो का?" असं विचारतं आणि आपला स्काऊट माइक घट्ट धरून नुसती मान हलवतो. हलवलेली मान रेडिओवरून जात नाही. म्हणून या यादीत तारा-खांबांपेक्षा मुलांच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

त्याआधी कागदपत्रांचं काम उरका. त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी हवेत. परवाना असलेला हॅम ऑपरेटर शोधा आणि त्याच्या परवान्याच्या अटी त्याच्यासोबत बसून वाचा. मुलांकडे परवाना नसतो, त्यामुळे नियमांच्या नजरेत ती 'तिसरी व्यक्ती' ठरतात. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या २५व्या कलमानुसार तिसऱ्या व्यक्तीच्या वतीने परदेशात संदेश पाठवायचा तो फक्त आणीबाणीत किंवा आपत्तीच्या मदतकार्यात. मात्र ही तरतूद आपल्या देशातल्या हॅमना कितपत लावायची, हे प्रत्येक देशाच्या प्रशासनावर सोडलेलं आहे. त्यामुळे एका देशात ऑपरेटर शेजारी बसला की मूल खुशाल बोलू शकतं, तर दुसऱ्या देशात ऑपरेटरनेच बोलायचं असतं. "मागच्या वर्षी चाललं होतं" हा काही आधार नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत स्टेशनच्या टेबलावर ठेवा. जोटासाठी वेगळं कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं हवेवरचं नाव, हवं असेल तर तो अर्जही याच वेळी करा. मुलांनी बोलायला परवानगी नसेल तर हिरमुसू नका. मुलांनी ऐकायचं, लॉग (कोणाशी कधी बोलणं झालं त्याची नोंद) लिहायचा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून ऑपरेटरच्या पुढ्यात सरकवायचा आणि त्याने तो विचारायचा; असाही दिवस छान जातो. पालकांची संमतिपत्रं आणि फोटोची परवानगी याच टप्प्यावर घ्या.

मग निदान दोन बैठका वारशाच्या गोष्टींसाठी ठेवा. भाषण नको, गोष्टी सांगा. १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचं शिबिर घेतलं; कर्ल्यू पक्षी, डोमकावळा, लांडगा आणि बैल असे चार संघ होते आणि शिबिराची हाक कुडू हरणाच्या शिंगातून दिली जायची. लांबवर निरोप पोचवण्याची ओढ या चळवळीत पहिल्यापासून आहे. सेमाफोरचे झेंडे आणि मोर्स पिढ्यान्‌पिढ्या स्काऊटांच्या परीक्षांचा भाग होते.

बिनतारी यंत्रणेशी असलेलं नातं तर घरातलंच. मॅफेकिंगच्या वेढ्यामुळे बेडन-पॉवेल यांचं नाव झालं ते १८९९-१९०२ सालचं बोअर युद्ध. त्याच युद्धात मार्कोनीचे बिनतारी संच दक्षिण आफ्रिकेत पोचले होते आणि त्यांची एरियल वर चढवायला पतंग वापरले गेले. ते पतंग होते बेडन-पॉवेल यांच्या धाकट्या भावाचे, मेजर बेडन बेडन-पॉवेल यांचे. हा किस्सा जरूर सांगा. "मग आपणही पतंगाला तार बांधू या का?" असा प्रश्न येणारच, आणि त्या निमित्ताने विजेच्या तारांपासून लांब राहण्याचा धडा आयताच देता येतो.

जोटाचा जन्मही सांगायला हवा. १९५७ साली इंग्लंडमधल्या सटन पार्कला जागतिक जांबोरी भरली. स्काऊटिंगची पन्नास वर्षं आणि बेडन-पॉवेल यांची जन्मशताब्दी असा तो दुहेरी योग होता. तिथे निरनिराळ्या देशांतले स्काऊट-हॅम एकमेकांना भेटले. तंबू उतरले की ही ओळख संपणार, ती हवेवर टिकवू या, असं त्यांच्यात ठरलं. लेस मिचेल या इंग्लिश हॅमने, कॉल साइन जी३बीएचके, ते मनावर घेतलं आणि मे १९५८ मध्ये पहिला जोटा झाला. ही स्पर्धा नाही, गुण नाहीत, क्रमांक नाहीत. हे मुलांआधी काही हॅमनाच समजावून सांगावं लागतं. त्यांना शंभर स्टेशनं घेण्याची घाई असते. आपल्याला एकाच स्टेशनशी वीस मिनिटं गप्पा हव्या असतात.

या गप्पांसाठीच प्रत्येक मुलाकडून एकेक प्रश्न लिहून घ्या, आणि तो प्रश्न समोरच्याला थोडा विचार करायला लावणारा असू दे. "तिकडे हवा कशी आहे?" याचं उत्तर एका शब्दात संपतं. "तुमच्या पथकाच्या स्कार्फचा रंग कोणी ठरवला?", "तुमचं पथक कोणी सुरू केलं?", "तुमच्या संघाचं नाव काय आणि तेच का?", "शेकोटीला तुम्ही हमखास काय गाता?" असे प्रश्न समोरच्याला बोलतं करतात. गंमत म्हणजे हेच प्रश्न उलटून आपल्यावर येतात. आपल्या स्कार्फचा रंग कोणी ठरवला हे आपल्याच मुलांना ठाऊक नसतं. तेव्हा जोटाच्या आधी पथकाच्या जुन्या माणसांकडे मुलांना पाठवा. जुने बिल्ले, शिबिराच्या वह्या, पिवळे पडलेले फोटो मागून आणा आणि ते रेडिओच्या खोलीतच मांडा. मुलगा बोलत असताना समोर वस्तू दिसली की शब्द सुचतात.

आता माइकचा सराव. दोन वॉकीटॉकी मिळाले तर उत्तम. नाही तर दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवली तरी भागतं, चेहरा दिसला नाही म्हणजे झालं. शिकवायचं एवढंच : बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, "ओव्हर" म्हणायचं आणि बटण सोडायचं. सगळ्यात जास्त घोळ सोडण्यात होतो. मूल प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघत बटण तसंच आवळून बसतं. पलीकडचा बोलून मोकळा होतो, इकडे कोणी काही ऐकलेलं नसतं. अंगठा वर उचलून दाखवायची सवय लावली की ऑपरेटरला लांबूनही कळतं. नाव अल्फा, ब्राव्हो, चार्लीच्या पद्धतीने सांगायचा सराव प्रत्येकाने आपापल्या नावापुरता करावा; सगळी मुळाक्षरं पाठ करून घ्यायचा अट्टहास नको. सांकेतिक शब्दांचंही तेच. ५९ म्हणजे आवाज स्वच्छ आणि दणदणीत, क्यूटीएच म्हणजे ठिकाण, ७३ म्हणजे शुभेच्छा, एवढं पुरे. ८८ म्हणजे प्रेम आणि पापे, हे मुलं स्वतःच शोधून काढतात.

प्रत्येकाच्या हातात मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी असावी : पहिलं नाव, वय, संघ, आवडता उपक्रम, आपला प्रश्न. आडनाव, पत्ता, फोन, शाळा यांपैकी काहीही त्यावर नको, आणि पलीकडून विचारलं तरी सांगायचं नाही. हॅम रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला मनाई आहे. म्हणजे आपण बोलतो ते ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्या कोणालाही ऐकू जातं. मुलांना हे घाबरवून नाही, पण स्पष्ट सांगा. ज्याला बोलायचंच नाही त्याला ढकलू नका. त्याला लॉगवर बसवा, नकाशावर टाचण्या टोचायला द्या. जेए ऐकू आलं की जपान, व्हीके म्हणजे ऑस्ट्रेलिया, डीएल म्हणजे जर्मनी. हे कॉल साइनवरून ओळखणारी मुलं थोड्याच वेळात मोठ्यांच्या चुका काढू लागतात.

यंत्रसामग्रीचं हॅमवर सोपवा, पण काही गोष्टी तुमच्याही लक्षात असू द्या. जोटासाठी ठरलेल्या आवाजी फ्रिक्वेन्सी भिंतीवर लावा : ७.०९० आणि ७.१९०, १४.२९०, १८.१४०, २१.३६०, २४.९६० आणि २८.३९० मेगाहर्ट्झ. ऐंशी मीटरच्या बँडवर (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सींचा पट्टा, त्याचं नाव तरंगलांबीवरून पडतं) ३.६९० आणि ३.९४० आहेत, यातली ३.९४० जगाच्या प्रत्येक भागात खुली नाही, तेव्हा आपल्या देशाचा बँड प्लॅन आधी बघा. या फक्त भेटीच्या जागा आहेत. "सीक्यू जांबोरी", म्हणजे जांबोरीसाठी कोणी आहे का, असं पुकारायचं, जोडी जमली की थोडं बाजूला सरकायचं आणि दुसऱ्यांना जागा द्यायची. जिनिव्हाचं एचबी९एस, अमेरिकन स्काऊटांचं के२बीएसए, इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क या स्काऊट केंद्राचं जीबी२जीपी ही कॉल साइन कानावर आली तर ओळखता यावीत म्हणून तीही लिहून ठेवा.

अँटेना म्हणून साधा हाफ-वेव्ह डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, पुरतो. १४२.६ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे १४.२९०साठी साधारण दहा मीटर, ७.०९०साठी वीस. तार थोडी जास्तच कापा, मग एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते ते दाखवणारा आकडा) बघत छाटा. तार विजेच्या कुठल्याही वाहिनीपासून इतकी लांब हवी की तुटून पडली तरी तिला शिवणार नाही. टोकं मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर बांधा, कारण प्रक्षेपण चालू असताना टोकाशी व्होल्टेज बरंच असतं आणि चटका बसतो. ढग गडगडले की संच बंद, केबल काढलेली.

शंभर वॅटच्या संचाला १३.८ व्होल्टवर वीसेक अँपियर लागतात, तेव्हा पॉवर सप्लाय तेवढ्या ताकदीचा हवा. शिवाय बॅटरी भरलेली असू द्या. जादा फ्यूज, जादा कनेक्टर आणि जादा माइक ठेवा. दिवसभर लहान हातांत आवळला गेलेला माइक संध्याकाळी दगा देतो. बाहेरचा लाउडस्पीकर विसरू नका. तो नसला तर एक मूल ऐकतं आणि बाकीची मुलं खोलीत धुडगूस घालतात.

आदल्या शनिवारी, त्याच जागी, त्याच वेळी संच लावून बघा. घरी स्वच्छ चालणारा रेडिओ सभागृहातल्या एलईडी दिव्यांमुळे आणि स्वस्त चार्जरमुळे नुसता खरखरतो. कोणता दिवा बंद केला की खरखर जाते ते तेव्हाच शोधून ठेवा. बँडचं गणित ढोबळमानाने असं : उन्हाच्या वेळी वीस, पंधरा, दहा मीटर लांबचे देश देतात, अंधार पडला की चाळीस आणि ऐंशी जागे होतात. सौरडागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात आपण कुठे आहोत यावर दहा मीटरचं नशीब ठरतं. पण सूर्यावर भिस्त ठेवू नका. एका तरी पथकाशी आधीच वेळ ठरवून ठेवा, तीही यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, आणि बँड मेला तर पर्याय म्हणून जवळचा व्हीएचएफ रिपीटर (आवाज पुढे पाठवणारं स्थानिक स्टेशन) किंवा इकोलिंक (इंटरनेटवरून हॅमना जोडणारी सोय) हाताशी ठेवा. माझ्या मते आधी ठरवलेली ही एक भेट शंभर वॅटांपेक्षा मोलाची आहे. पलीकडे कोणी वाट बघतंय म्हटलं की मुलंही तयारीने बसतात.

त्या दिवशीच्या मांडणीत एक गोष्ट पाळा : रेडिओच्या टेबलापाशी ऑपरेटर, बोलणारं मूल आणि पुढच्या पाळीचं मूल, बस. बाकीच्यांना रांगेत ताटकळत उभं करणं म्हणजे कंटाळा शिकवणं. त्यांच्यासाठी बाहेर फेऱ्या ठेवा. बझरवर आपलं नाव मोर्समध्ये वाजवणं, सेमाफोर, लपवलेला छोटा ट्रान्समीटर शोधायचा फॉक्स हंट. सोल्डरिंग ठेवलंत तर डोळ्यांना चष्मा आणि एका टेबलाला एक मोठा माणूस हवाच. न बोलणारी मुलं बहुतेक वेळा मोर्सच्या फेरीतून हलत नाहीत. त्यांना हलवूही नका. पाळी घड्याळाने लावू नका. गप्पा रंगल्या तर रंगू द्या, पुढचं मूल शेजारी बसून ऐकतच असतं. लॉगमध्ये यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन आणि आवाजाचा रिपोर्ट तर येतोच. त्यापुढे एक रकाना आखून घ्या, 'काय विचारलं, काय उत्तर आलं'.

आवराआवर करताना आधी संच बंद, मग केबल, मग तार. आणि दोऱ्या सोडायला मोठेच जातील. क्यूएसएल कार्डाचं, म्हणजे बोलणं झाल्याची पोच देणाऱ्या कार्डाचं, चित्र मुलांकडून काढून घ्या, पण कार्डावरचा मजकूर ऑपरेटरने तपासावा, कारण चुकीची वेळ किंवा बँड लिहिलेलं कार्ड पलीकडच्याला जुळवता येत नाही. कार्डं पंधरवड्यात रवाना व्हावीत. पुढे ढकलली की ती कपाटातच राहतात. राष्ट्रीय संयोजकाला अहवाल पाठवताना त्या शेवटच्या रकान्यातली दोन-चार उत्तरं जशीच्या तशी घाला. परवान्याची परीक्षा कधी असते असं ज्या मुलांनी विचारलं त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून त्याच संध्याकाळी हॅम क्लबकडे द्या. आणि २२ फेब्रुवारीच्या आसपासच्या शनिवार-रविवारी गाईड मुली थिंकिंग डे ऑन द एअर, म्हणजे त्यांचा असाच हवेवरचा मेळावा, करतात. गाईड पथकाशी बोलून तोच डायपोल, तोच ऑपरेटर आणि त्याच चिठ्ठ्या तेव्हा वापरता येतील का, तेही आत्ताच विचारून घ्या.