टिकाऊ कपड्यांचा ब्रँड काढायचाय? एका शर्टापासून सुरू करा

म्हापशात माझी शिलाईखोली आहे. ब्रँड काढायचाय म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, नाव-लोगो मागाहून होईल. आधी एकच कपडा निवडा. मी सुती शर्ट निवडला.

कापड धुतल्याशिवाय कातरीखाली घालू नका. त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, रोजच्यासारखं धुवा, वाळवा, इस्त्री करून मोजा. उभ्या बाजूला ४८ भरले तर कापड ४ टक्के आटलं. ३० इंची शर्ट जवळजवळ सव्वा इंच आखूड होणार. म्हणून अख्खा तागा भिजवून वाळवल्यावरच कटिंगला घ्या. ओलं पांढरं फडकं चोळलं की रंग कच्चा की पक्का तेही कळतं.

शिलाईत काटकसर नको. स्वस्तातला शर्ट उलटा करून बघा: काखेत बहुधा एकच टीप आणि ओव्हरलॉक, म्हणजे कच्च्या कडेवर मारलेली दोऱ्यांची गुंफण. हात वर केला की ताण तिथंच येतो, तिथंच तो उसवतो. काखेत आणि कुशीला दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दोन टिपा मारा, म्हणजे कच्ची कड आत बंद होते. इंचाला १० ते १२ टाके ठेवा. विरळ टाके सुटतात. फार दाट असले तर सुईच्या भोकांनी कापड कमजोर होतं. अशा कामाला वेळ लागतो, म्हणून कारागिरांना महिन्याचा पगार द्या. नगावर पैसे मिळाले की हात घाई करणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

जाड कापड म्हणजे टिकाऊ, हा समज गोव्यात चालत नाही. पावसाळ्यात जाड कापड दिवसेंदिवस दमट राहतं आणि बुरशीचे काळे ठिपके धरतं. मध्यम वजनाचं, घट्ट विणीचं सुती घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी बटणं गंजतात, डाग निघत नाहीत. शिंपल्याची बटणं लावा. विक्रीआधी नमुना एखाद्या पायलटाला, म्हणजे आमच्याकडच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याला, पावसाळाभर घालायला द्या. दिवसभर हँडल धरून बसणाऱ्या माणसाच्या पाठीवर शर्टाची खरी कसोटी लागते.

नावाची नोंदणी ट्रेडमार्कच्या वर्ग २५ मध्ये होते. एकट्याच्या नावाने ऑनलाइन अर्जाला ४५०० रुपये. किंमत ठरवताना जीएसटी बघा: २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्याहून महाग कपड्याला १८.

दुरुस्ती फुकट ठेवा आणि कुठला शर्ट कुठं फाटला ते वहीत लिहा. पुढचा पॅटर्न त्या वहीवरून बदला. कॉलर दुमडीवर सर्वांत आधी विरते. तिच्या दोन्ही बाजूंना तेच कापड वापरलं, तर ती उसवून उलटी लावता येते. जुने शिंपी हे सर्रास करायचे. ही सोय बिलावरच छापून द्या.