बोनोबो, केळी आणि वाया गेलेले सहा आठवडे

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मी चिंपँझी आणि त्यांचे जवळचे भाऊबंद बोनोबो यांची आक्रमकता हा विषय हौसेने घेतला. फिल्डवर्क नाही, नुसते पेपर वाचायचे, म्हणजे सोपंच! चाळीसेक पेपरांतले आकडे एक्सेलमध्ये भरले. तक्ता देखणा झाला. व्हायवाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "यातले पिंजऱ्यातले किती?"

मला सांगता येईना. पुढचे सहा आठवडे तेच पेपर पुन्हा.

प्राणी कोणता हे शीर्षकात कळतं. तो कुठे राहत होता, त्याला खायला कोण घालत होतं, हे मेथड्समध्ये, म्हणजे अभ्यास कसा केला ते सांगणाऱ्या भागात, दडलेलं असतं, आणि तेच मी गाळत होते. बोनोबोंवरचं प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्स डी वाल यांचं 1983-84 चं गाजलेलं निरीक्षण सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातलं. बरं, जंगलातलं म्हणजे निर्धोक? तेही नाही. जपानी संशोधक कानो यांनी काँगोतल्या वाम्बाला बोनोबोंना ऊस घालून जवळ आणलं. टांझानियातल्या गोम्बेत 1960 च्या दशकात चिंपँझींसाठी केळी ठेवत, आणि त्या केळ्यांभोवती भांडणं वाढल्याचं तिथल्याच संशोधकांनी लिहिलंय. यातलं कुठलंच काम खोटं नाही. पण पिंजरा, ऊस आणि केळी मी एकाच रकान्यात कोंबली होती.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले: चिंपँझींची हिंसा सगळी केळ्यांचीच करणी! तेही चूक. विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये चिंपँझींचे 18 आणि बोनोबोंचे 4 समुदाय तपासले, तेव्हा माणसाच्या हस्तक्षेपाने हत्यांचा उलगडा होईना. चिंपँझींनी केलेल्या हत्या 152, हा आकडा सगळे फेकतात. त्यातल्या प्रत्यक्ष पाहिलेल्या 58, बाकीच्या अनुमानाने किंवा संशयाने धरलेल्या. रिव्ह्यू पेपरवरून संदर्भ उचलणाऱ्यांना हे कधीच कळत नाही. न वाचता सही करणाऱ्या नामवंत गाईडपेक्षा मेथड्सवरून डोकं खाणारा सीनियर शोधा, असं माझं स्पष्ट मत.

घाबरू नका मात्र. एक्सेलमध्ये 'ठिकाण' आणि 'खाणं घातलं का' असे दोन रकाने पहिल्याच दिवशी टाका, माझ्यासारखी पाळी येणार नाही.

आणि शोधताना नुसतं 'बोनोबो' टाकू नका. जुन्या पेपरांत तो 'पिग्मी चिंपँझी' असतो. वाम्बाचे कितीतरी पेपर मला त्यापायीच उशिरा सापडले.