वजीर विरुद्ध सातव्या घरातील प्यादे: जिंकावे कसे?

दोन्ही बाजूंची प्यादी शर्यतीत धावतात, एकाचे एक चाल आधी वजीर होते आणि दुसऱ्याचे वजीर होण्यापासून एका घरावर अडते. असा शेवट खेळात वारंवार येतो. वजीर हाती असलेला खेळाडू घाईने शह देत सुटतो आणि बरोबरी पत्करतो. खरे तर पहिली चाल करण्यापूर्वी प्यादे कोणत्या उभ्या रांगेत (पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच) आहे, हे पाहावे. बी, डी, ई किंवा जी रांगेत असेल, तर स्वतःचा राजा दूर असला तरी बहुधा विजय मिळतो. ए, सी, एफ किंवा एच रांगेत असेल, तर तो राजा किती जवळ आहे यावर सारे अवलंबून असते.

सोपा प्रकार आधी घेऊ. घराच्या नावात उभी रांग व पांढऱ्याच्या बाजूने मोजलेला आडव्या ओळीचा क्रमांक असतो; काळे प्यादे १ कडे सरकते, म्हणून त्याचे सातवे घर म्हणजे २ ची ओळ. पांढरा राजा जी ७ वर, वजीर बी ८ वर; काळा राजा ई २ वर, प्यादे डी २ वर; चाल पांढऱ्याची. वजिराला जिना उतरल्यासारखे खाली आणायचे आहे. वजीर ई ८ वर नेऊन शह द्यावा. काळा राजा एफ २ वर गेला की वजीर डी ७ वर आणावा, म्हणजे प्यादे पुढे सरकताच मारता येते. म्हणून राजाला त्याच्या रक्षणासाठी ई २ वर परतावे लागते. मग ई ६ वरून शह, राजा एफ २. वजीर डी ५, राजा ई २. ई ४ वरून शह, राजा एफ २. वजीर डी ३. आता प्यादे राखायला राजाकडे ई १ हे एकच घर उरते. तेथे ई ३ वरून शह दिला की त्याला डी १ वर, म्हणजे स्वतःच्याच प्याद्यासमोर, जावे लागते. एफ १ वर गेल्यास प्यादे जाते.

साऱ्या खटाटोपाचे फळ येथे आहे. प्याद्याची वाट त्याच्याच राजाने अडवल्यामुळे पांढऱ्याला एक मोकळी चाल मिळते आणि ती राजा जवळ आणण्यासाठीच वापरावी: एफ ६. काळा सी २ वर निघाल्यास वजीर ई २ वर नेऊन प्यादे जखडावे, म्हणजे ते हलल्यास त्याच्याच राजाला शह बसेल. राजा सी १, सी ४ वरून शह, राजा बी २, वजीर डी ३, राजा सी १, सी ३ वरून शह, राजा पुन्हा डी १. पुन्हा एक मोकळी चाल. असे करत पांढरा राजा डी ३ वर पोहोचला आणि काळा डी १ वरच असला, तर प्यादे मारताच मात होते. एक सावधगिरी मात्र हवी: स्वतःचा राजा वजिराच्या मार्गात आडवा उभा असेल, तर हा जिना मोडतो.

कडेच्या प्याद्यात हीच युक्ती फसते. प्यादे ए २ वर असताना बी ३ वरून शह दिल्यास काळा राजा ए १ वर दडतो; मोकळी चाल घेतली की त्याच्याकडे चालच उरत नाही आणि स्टेलमेट, म्हणजे शह नसताना चाल न उरल्याने बरोबरी, होते. सी २ वरच्या प्याद्याबाबत तर काळा ए १ वर जाऊन प्यादे फुकट देऊ करतो. वजिराने ते मारले की तेच स्टेलमेट. काळा राजा डी २ च्या बाजूला असेल, तर त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते आणि पांढऱ्याची संधी वाढते.

या दोन प्रकारांत राजा जवळ असेल, तर प्याद्याचा वजीर होऊ द्यावा आणि मात करावी. पांढरा राजा सी ४, वजीर ई २. काळा राजा बी १, प्यादे ए २. राजा बी ३ वर आणावा. काळ्याने वजीर केला, तर सी २ वर वजीर नेताच मात. त्याने घोडा करून शह दिला, तर बिचकू नये. राजा सी ३ वर नेला की काळ्याजवळ मात टाळण्याचा मार्ग उरत नाही.