सशाची मान वाकडी झाली? या चुका टाळा

जानेवारीतली सकाळ होती, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांतली. इंदिरानगरच्या आमच्या घरात आमचा ससा कापशा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं उजवीकडे कलवून बसला होता. आई म्हणाली, "थंडीनं मान आखडली असेल रे, कोमट तेल लाव." मी लावलं, वर हलक्या हातानं मान सरळ करायचाही प्रयत्न केला. दुपारी तो मेथीच्या काडीकडे निघाला, कुशीवर पडला आणि गडगडत जाऊन जाळीवर आपटला. तेव्हा कुठे मी दवाखान्याचा रस्ता धरला.

घरोघरी हीच पहिली चूक होते. सशाची अशी मान लचकलेली किंवा आखडलेली क्वचितच असते. बिघाड असतो तो तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे कानाच्या आतल्या भागात किंवा मेंदूत. सशाला वाटतं जमीनच तिरकी झाली आहे, म्हणून तो डोकं तिरकं धरतो. चोळून आणि ओढून फक्त वेदना वाढतात.

शंका आली तर आधी त्याच्या डोळ्यांकडे बघा. पंचवटी एक्सप्रेसच्या खिडकीतून मागे पळणारे खांब बघणाऱ्या माणसाची बुबुळं कशी झटके देत हलतात, तशी सशाची बुबुळं बसल्या जागी हलत असतील, तर त्याला चक्कर येते आहे. एकाच बाजूला गोल फिरणं, उडी मारताना अंदाज चुकणं, एक कान सारखा खाजवणं या खुणा कधी कधी आधीच दिसतात. कापशा आदल्या दिवशी पाटावर चढताना दोनदा घसरला होता. मी फरशीला दोष दिला.

कारणं मुख्यतः दोन. एक, मध्यकर्ण किंवा अंतर्कर्णातला जंतुसंसर्ग. लोंबत्या कानांच्या सशांना कानाचे आजार जास्त होतात. दुसरं, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. तो लघवीतून पसरतो आणि मेंदू, मूत्रपिंड, डोळे यांवर घाला घालतो. मार लागणं, विषबाधा ही कारणंही असतात. चेहऱ्याची एक बाजू लुळी दिसली तर कानाचा संशय बळावतो, पण निदान घरी करू नका. कान बाहेरून स्वच्छ दिसला तरी आत पू असू शकतो, तो एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये कळतो. रक्तात परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं (त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) सापडली, तर त्याचा अर्थ एवढाच की ससा कधीतरी त्याच्या संपर्कात आला होता. म्हणून पशुवैद्य सगळं एकत्र ताडून उपचार ठरवतात. निघण्याआधी फोन करून विचारा, "तुम्ही ससे बघता का?" कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघतात असं नाही.

मेडिकलमधून आणलेलं औषध

ही चूक जीवावर बेतते. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं सशाला तोंडावाटे दिली, तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. फिप्रोनिल असलेला गोचिडांचा स्प्रे कुत्र्याला चालतो, सशाला ते विष आहे. कानात थेंबही मनानं टाकू नका, कारण पडदा फाटलेला असला तर नुकसान वाढतं. स्टेरॉइडचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.

परजीवीसाठी सहसा फेनबेंडाझोल देतात, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. आठ दिवसांत ससा उड्या मारायला लागला म्हणून औषध मध्येच बंद करू नका. या औषधाचा रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा मधे रक्त तपासायला सांगितलं तर कंटाळा करू नका.

"आज खात नाही, उद्या बघू"

सशाचं आतडं थांबलं की मूळ आजारापेक्षा तेच आधी जीव घेतं. १०–१२ तास पोटात काही नसणं म्हणजे तातडीचा प्रसंग. चक्कर येणाऱ्या सशाला भूक असते, पण वाटीपर्यंत पोचता येत नाही. वाळकं गवत आणि कोथिंबीर थेट तोंडाशी धरा, पाणी उथळ ताटलीत ठेवा. खाल्लंच नाही तर भिजवलेल्या पेलेटची (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्यांची) पातळ पेज सुई काढलेल्या सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, एका वेळी एखादा मिलिलिटर. तो गिळेपर्यंत थांबा. उताणा धरून कधीच भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. किती आणि किती वेळा, ते डॉक्टरांना विचारा. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, घट तिथे लगेच दिसते. (द्राक्षबागेतला पाला कुणी प्रेमानं आणून दिला तरी नको, त्यावर फवारण्या झालेल्या असतात.)

पिंजरा बदलावाच लागतो. गुळगुळीत फरशीवर ससा घाबरतो आणि जास्त लोळतो. आम्ही एका खोक्यात जुनी गोधडी अंथरली, चारी कडांना टॉवेलच्या वळकट्या लावल्या. त्यांना टेकून कापशा पहिल्यांदा शांत बसला. अशा सशाला वारंवार उचलू नका, उचलताना चक्कर वाढते. उचलायचंच झालं तर छातीशी घट्ट, मागच्या पायांना आधार देऊन. खालच्या बाजूचा डोळा गादीला घासतो, तो कोरडा पडतो आणि त्याला जखम होते. डॉक्टरांकडून डोळ्याचं मलम मागून घ्या. लघवीनं भिजलेली लव रोज पुसून कोरडी करा.

"आता हा काही जगत नाही," असं दुसऱ्याच दिवशी ठरवणं ही मला सगळ्यात दुःखद चूक वाटते. सुधारणा काही आठवडे, कधी महिने घेते. पहिले काही दिवस कापशा बिघडतच गेला, मग एका सकाळी स्वतः उठून बसला. डोकं आजही थोडं कललेलं आहे, पण मेथीची जुडी उघडल्याचा आवाज आला की तो सगळ्यांच्या आधी पोचतो.

घरात दुसरे ससे असतील तर त्यांच्याबद्दलही डॉक्टरांशी बोला. लघवीची जागा रोज धुवा, भांडी उकळत्या पाण्यानं काढा. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल, केमोथेरपी चालू असेल, तर पिंजऱ्याची साफसफाई त्यांच्याकडे देऊ नका.