करड्या पडलेल्या काळ्या प्लास्टिकला पुन्हा रंग कसा आणावा

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लष्कर भागातील अनेक जुन्या घरांना गाडी ठेवायला जागा नसल्याने गाड्या दिवसभर उन्हात उभ्या राहतात. त्यामुळे काही उन्हाळ्यांतच बंपर, चाकांवरच्या पट्ट्या आणि वायपरखालची जाळी करडी पडते. हा करडेपणा म्हणजे मळ नव्हे. हे भाग बहुधा पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचे असतात; त्यात उन्हापासून संरक्षण देणारी काजळी मिसळलेली असली, तरी अतिनील किरणांनी वरच्या थरातील रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, बारीक भेगा पडतात आणि त्यांवर प्रकाश विखुरल्याने काळा रंग पांढुरका दिसतो.

म्हणून काहीही विकत आणण्यापूर्वी तो भाग ओल्या फडक्याने पुसून पाहावा. ओला असेपर्यंत तो गर्द काळा दिसला, तर तेलाने किंवा ट्रिम रिस्टोररने (प्लास्टिकचा काळेपणा परत आणणाऱ्या तयार लेपाने) तो बहुधा सुधारतो, कारण भेगा भरल्यावर काय दिसेल हे पाण्याने आधीच दाखवलेले असते. ओला असतानाही करडाच राहिला, तर रंग देण्यावाचून इलाज नाही.

खरे काम स्वच्छतेत आहे आणि नेमके तिथेच लोक घाई करतात. गाडीचा शाम्पू व नायलॉनचा ब्रश घेऊन, प्लास्टिकच्या खरबरीत दाण्यांच्या खाचांत ब्रश गोल फिरवत, फेस मळका निघेनासा होईपर्यंत घासावे. गाडीच्या पॉलिशचे पांढरे डाग धुण्याने जात नाहीत. ते मऊ खोडरबराने हलकेच घासले, तर सुटतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भाग पूर्ण सुकू द्यावा, कारण तेलकटपणा राहिला की वरचा कोणताही लेप धरत नाही.

खोबरेल तेल आणि बुटाचे पॉलिश यांचा काळेपणा थोडे दिवस टिकतो आणि वर धूळ चिकटते. सिलिकॉनचे ड्रेसिंगही पावसात धुऊन जाते. घरगुती उपायांत मला अळशीचे तेल सर्वांत भरवशाचे वाटते, कारण ते हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट पापुद्रा बनते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळते, तेच घ्यावे; कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस लागतात. शेजारच्या पत्र्यावर मास्किंग टेप लावून, सावलीत, फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, थोड्या वेळाने उरलेले तेल पुसून काढावे आणि रात्रभर धूळ बसू देऊ नये. जाड थर चिकट राहतो.

एक गोष्ट अतिशय गंभीरपणे घ्यावी: हे तेल सुकताना उष्णता सोडते, त्यामुळे चुरगळून ठेवलेले तेलकट फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवावे.

हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) काळेपणा क्षणात येतो खरा, पण पृष्ठभाग वितळून दाणे कायमचे बुजतात आणि भाग वाकण्याची भीती असते. झिजलेले संरक्षण परत येत नसल्याने करडेपणाही पुन्हा येतो.

घरातील खुर्च्या आणि कूलरच्या जाळ्यांनाही हीच रीत लागू पडते, मात्र मिक्सर किंवा टीव्हीच्या एबीएस प्लास्टिकवर थिनर अथवा ॲसिटोन कधीही वापरू नये, ते त्यात विरघळते. स्टिअरिंग, पेडल आणि स्कूटरच्या पायदानाला कोणतेही तेल लावू नये. रंगच द्यायचा ठरला, तर आधी प्लास्टिक प्रायमर मारावा, नाहीतर पॉलिप्रोपिलीनवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो.