डिपस्टिकवर ऑईल वाढलंय? बीएस-६ डिझेल गाडीचं ऑईल असं सांभाळा

ऑईल कमी झालं की आपण धावपळ करतो. वाढलं तर खूश होतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाडीत हे वाढणंच जास्त काळजीचं. आमची गाडी कोल्हापुरात राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच फिरायची. एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी बघायची पट्टी, काढली, तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर. बोटाला लावून हुंगलं, तर चक्क डिझेलचा वास.

सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ फिल्टर काजळी अडवतो. तो भरत आला की काजळी जाळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यासाठी बहुतेक गाड्या सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल मारतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरतं. काजळी जळत असतानाच आपण गाडी बंद केली, की पुढच्या वेळी पुन्हा जादा डिझेल. ऑईल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. त्यात ईजीआर या यंत्रणेमुळे इंजिनात परतणाऱ्या धुराची काजळीही ऑईलमध्येच येते.

म्हणून महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. रंगावर जाऊ नका, डिझेल गाडीत नवं ऑईलही लवकर काळं पडतं. पातळी आणि वास बघा. वरची खूण ओलांडली असेल तर गाडी तशीच पळवू नका. थोडं ऑईल काढून भागत नाही, डिझेल उरलेल्यातही असतंच. ऑईल आणि ऑईल फिल्टर दोन्ही बदला.

आठवड्यातून एकदा हायवेनं कागलपर्यंत जाऊन या, वेग एकसारखा ठेवून. डीपीएफचा दिवा लागला तर हे लगेच करा. तरी विझला नाही तर वर्कशॉप गाठा. गाडी थांबवताना फॅन जोरात फिरतोय, आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) चढलंय, म्हणजे आत काजळी जळतेय. अशा वेळी बंद करू नका, आणि उसाच्या पाचटावर तर अजिबात उभी करू नका. खालचे भाग तापलेले असतात, पेट घेईल.

ऑईल घेताना डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. गाडीच्या पुस्तकात एसीईए सी३ या ग्रेडचं ऑईल सांगितलं असेल तर तेच घ्या. या ऑईलमध्ये राख कमी असते. काजळी जळून जाते, राख मात्र फिल्टरमध्ये कायमची बसते. उद्यमनगरातले आपले मिस्त्री इंजिनाला देवासारखे, पण ग्रेड त्यांनाही पुस्तक उघडून दाखवा.

गाडी गावातच फिरत असेल तर पुस्तकात खडतर वापरासाठी दिलेल्या किलोमीटरवर ऑईल बदला. बदललं त्या दिवशी डिपस्टिकचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या महिन्यात पातळी त्याच्याशीच ताडून बघायची.