कार्बन डायऑक्साइड वापरून संश्लेषण : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात एम.एस्सी.नंतर संशोधनाचा विषय ठरवताना मला कार्बन डायऑक्साइड हा वायू फार सोपा वाटला होता. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवली जाते, तेव्हा सैद्धांतिक हिशेबाने 180 ग्रॅम ग्लुकोजमागे 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप, त्या मद्यार्काच्या जवळजवळ बरोबरीने हा वायू बाहेर पडतो. इतका कार्बन दाराशी असताना तो पेट्रोलियममधून कशाला घ्यायचा, असा माझा भाबडा प्रश्न होता.

अडचण उष्मागतिकीची आहे. या वायूची निर्मिती-एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून तो बनताना होणारा ऊर्जाबदल) उणे 393.5 किलोज्यूल प्रति मोल इतकी, म्हणजे तो फार स्थिर असल्याने त्याला अभिक्रियेत ओढायचे तर दुसऱ्या घटकाकडे पुरेशी ऊर्जा असावी लागते, किंवा ती बाहेरून द्यावी लागते. युरियाच्या कारखान्यात अमोनियासोबत जास्त दाब आणि तापमान वापरतात. कोल्बे-श्मिट अभिक्रियेत सोडियम फिनॉक्साइडवर सुमारे 125 अंश सेल्सिअस तापमान आणि 100 वातावरणांच्या आसपास दाब देऊन सॅलिसिलिक आम्लाचा क्षार मिळवतात, आणि त्या आम्लापासूनच ॲस्पिरिन तयार होते. विषय निवडताना म्हणूनच आधी विचारावे की आपल्या अभिक्रियेत ही ऊर्जा कोण पुरवणार आहे.

माझा पहिला प्रयोग ग्रिन्यार अभिकर्मकापासून बेंझोइक आम्ल करण्याचा होता. त्यासाठी मी फौंड्रीला गॅस पुरवणाऱ्याकडून सिलिंडर आणला. (आपल्याकडच्या फौंड्रीत सोडियम सिलिकेट मिसळलेली वाळू घट्ट करायला हाच वायू सोडतात.) त्या कामात थोडासा ओलावा चालून जातो, फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइडला, म्हणजे माझ्या ग्रिन्यार अभिकर्मकाला, मात्र तो मुळीच चालत नाही. बराचसा अभिकर्मक पाण्याशी अभिक्रिया होऊन बेंझीन बनला आणि उतारा असा आला की साखर कारखान्यात असतो तर चौकशी लागली असती. पुढे वायू संहत सल्फ्युरिक आम्ल आणि कॅल्शियम क्लोराइड यांतून कोरडा करून घेतला, तेव्हा दुसरी चूक उघड झाली. वायू अभिकर्मकात हळूहळू सोडल्यास तयार झालेल्या बेंझोएटवर उरलेला अभिकर्मक हल्ला करतो आणि बेंझोफिनोन, ट्रायफेनिल मेथॅनॉल असे नको ते पदार्थ मिळतात. म्हणून वायू नेहमी जादा असावा, आणि त्यासाठी अभिकर्मकच ड्राय आइसच्या (घनरूप कार्बन डायऑक्साइडच्या) चुऱ्यावर ओतावा. फक्त जुलैतल्या कोल्हापुरी हवेत उणे 78.5 अंशांच्या त्या चुऱ्यावर पाहता पाहता पाण्याचे हिम धरते, तेव्हा चुरा आयत्या वेळीच करावा. आणि ड्राय आइस घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही ठेवू नये, बाटली फुटते.

सिलिंडरच्या दाबमापकाच्या काट्यावरही विश्वास टाकू नका. आत द्रव शिल्लक आहे तोपर्यंत 20 अंशांना काटा 57 बारच्या आसपास स्थिर राहतो आणि द्रव संपल्यावरच घसरू लागतो. त्यामुळे किती माल उरला हे वजन करूनच कळते. मे महिन्यात खोली 31 अंशांच्या वर गेली की आत द्रवच राहत नाही, आणि काट्याचा अर्थ आणखी बदलतो.

सुरुवातीला माझ्या मते इपॉक्साइडपासून चक्रीय कार्बोनेट करावे. तीन अणूंच्या कडीतला ताण सुटतो, तोच ऊर्जा पुरवतो. शिवाय दोन्ही रेणूंचे सगळे अणू उत्पादितात राहतात. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडसारखा उत्प्रेरक सहज मिळतो, आणि अवरक्त वर्णपटात 1800 प्रति सेंटीमीटरच्या आसपास कार्बोनिलची पट्टी दिसू लागली की अभिक्रिया सुरू झाल्याचे कळते. इपॉक्साइडे विषारी असतात, म्हणून काम धूर-कपाटातच करावे.

यानंतर मी अमिनाच्या फॉर्मिलीकरणाकडे, म्हणजे या वायूतला कार्बन फॉर्मिल (CHO) गट म्हणून अमिनाला जोडण्याकडे, वळले. विद्रावक डायमिथिल फॉर्मामाइड होता, उत्पादित छान मिळत होते, आणि मी शोधनिबंधाचा कच्चा मसुदाही लिहायला घेतला होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी वर्णपट पाहून एवढेच विचारले, “नायट्रोजनमध्ये करून पाहिलंस का?” पाहिले नव्हते. केल्यावर तेच उत्पादित जवळजवळ तितकेच मिळाले. कार्बन सिलिंडरमधून नव्हे, तर विद्रावकातल्या फॉर्मिल गटातून येत होता. कार्बन कुठून आला हे दाखवणारा, कार्बन-13 असलेला वायू महाग म्हणून मी टाळला होता, पण कार्बन डायऑक्साइडऐवजी नायट्रोजन वापरून कोरा प्रयोग एका दुपारी उरकला असता. आता माझ्या वहीत कोणत्याही नव्या अभिक्रियेची पहिली नोंद नायट्रोजनचीच असते.